चौथ्यांदा कथा परत आली, पण या वेळी कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहून

माणगंगा | २३ जून, रात्री ११:४२

गेल्या गुरुवारी बँकेतून घरी आले तर दाराच्या कडीत जाड पाकीट अडकवलेलं. वरचं अक्षर माझंच. हात लावायच्या आधीच कळलं, कथा परत आली.

'दावण' नावाची चौदा पानांची कथा आहे. आटपाडीकडचा एक म्हातारा खरसुंडीच्या यात्रेत आपली खिलार बैलांची जोडी विकतो आणि रात्री घरी येतो, एवढीच गोष्ट. गेल्या दोन वर्षांत तीन दिवाळी अंकांना पाठवून झाली. एकाकडून काहीच कळलं नाही. दुसऱ्याकडून दोन ओळींचा मेल आला. तिसऱ्याचं तर मला फेसबुकवर अनुक्रमणिका आली तेव्हा कळलं. मोबाइलवर बोटानं वर-खाली करत मी माझं नाव शोधत होते, तेही ऑफिसच्या डबा खायच्या वेळात, शेजारी दोघी बसलेल्या असताना. ते दुपारचं आठवलं की अजून घशात अडकल्यासारखं होतं.

चौथे संपादक कागदावरच वाचतात, म्हणून प्रिंट काढून, तिकीट लावलेलं पाकीट सोबत घालून पाठवली होती. ती परत आली, पण बाराव्या पानावर पेन्सिलीची आडवी रेघ आहे. 'म्हातारा गोठ्यात गेला आणि खुंट्यापाशी उभा राहिला' या वाक्याच्या खाली. आणि कडेला बारीक अक्षरात: "कथा इथंच संपली आहे. पुढची दोन पानं लेखिकेला हवी आहेत, कथेला नकोत. पुन्हा पाठवा असं म्हणत नाही. पुन्हा लिहा."

त्या दोन पानांत म्हातारा मुलाशी बोलतो. कर्ज, दुष्काळ, ट्रॅक्टर, सगळं. ती वाक्यं माझ्या वडिलांची आहेत, जशीच्या तशी. मी नऊ वर्षांची होते, अंथरुणात जागी राहून ऐकली होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली. ती पानं कशी काढू?

चार दिवस झाले, लिहायला बसले नाही. तुम्ही लोक अशा वेळी काय करता? आणि याला नकार म्हणायचं की आणखी काही?

कृष्णाकाठ | २४ जून, सकाळी ७:०५

ताई, चार दिवस म्हणजे काहीच नाही. मी दोन वर्षं बसलो नव्हतो.

टपालहंशील | २४ जून, सकाळी ८:३०

मुली, ज्या काळात सगळंच टपालानं जायचं त्या काळातला मी माणूस. वय वर्षं ७४. गिरगावात चाळीत राहायचो. आमच्या वेळी अंकात सूचनाच छापलेली असायची की पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत असेल तरच नापसंत साहित्य परत मिळेल. म्हणजे स्वतःच्या नकाराचं टपालही स्वतःच भरायचं. परत येताना आत एक छापील चिठ्ठी, 'साभार परत'. कधी सही, कधी सहीच्या जागी नुसता शिक्का.

चाळीतल्या पोरांना त्यातलं गणित कळलं होतं. जाड पाकीट म्हणजे परत, पोस्टकार्ड म्हणजे स्वीकारली. पोस्टमन जिन्यात दिसला की खालूनच ओरडायची, "काकांचं जाड आलं!" सगळ्या मजल्यांना खबर. पहिल्या वेळी मी दार लावून बसलो. पुढंपुढं त्याच पोरांना मी कथा वाचून दाखवायला लागलो, आणि ज्या दिवशी खरंच पोस्टकार्ड आलं त्या दिवशी त्यांनी ते माझ्या हातात यायच्या आधी चारही मजले फिरवून आणलं. त्यावर तेलाच्या बोटांचे ठसे आहेत. अजून जपून ठेवलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: संपादकानं पेन्सिल उचलली याचा अर्थ बारा पानं तो तुझ्या म्हाताऱ्याबरोबर चालला. माझ्या छत्तीस परतींपैकी दोनांवर कुणीतरी हातानं काही लिहिलं होतं. त्या दोन चिठ्ठ्या मला पाठ आहेत.

निशिगंध | २४ जून, सकाळी १०:१२

काका, पोस्टकार्डावरचे तेलाचे ठसे! वाचून डोळे भरले.

माणगंगा, ती पानं काढू नका असं माझं स्पष्ट मत. वडिलांचे शब्द आहेत ते. एखाद्या अंकासाठी आपण काय काय कापत बसायचं?

रामदुर्गी | २४ जून, दुपारी १२:४०

निशिगंध यांच्याशी सहमत, आणि थोडं पुढं जाऊन बोलतो. आपल्याकडे संपादकाच्या पेन्सिलीला फार मान दिला गेला. 'सत्यकथे'चं उदाहरण घ्या. १९३३ ला सुरू झालेलं मासिक, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी केवढं उभं केलं, मान्य. पण त्या एका दारातून आत गेलं तरच साहित्यिक, अशी हवा झाली होती. त्याचा राग इतका साचला की १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी सत्यकथेचा अंक जाळला. त्याआधीच अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे मंडळींनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. कुणाच्या होकाराची वाट बघत बसले नाहीत.

मी बेळगावचा. आमच्या बोलीतली कथा पाठवली की 'भाषा शुद्ध करून पाठवा' असं उत्तर मला तीनदा आलंय. दोनदा केली शुद्ध. तिसऱ्यांदा जाणवलं की माझ्या आजीचं बोलणं पुण्यातल्या एखाद्या बाईच्या तोंडी घातल्यासारखं झालंय. परत मूळ करून टाकली आणि स्वतः झेरॉक्स काढून गावात वाटली. लोक अजून त्यातली वाक्यं म्हणून दाखवतात.

अनुस्वार | २४ जून, दुपारी ३:२०

रामदुर्गी, बोलीबद्दलचं तुमचं दुःख मी समजू शकते, ती चूकच होती. पण भाषा बदला म्हणणं आणि कथा कुठं संपली ते दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सत्यकथेबद्दल बोलताना दुसरी बाजूही सांगायला हवी. श्री. पु. लेखकांशी लांबलचक पत्रव्यवहार करायचे, एकेका कथेच्या एकेका जागेवर. कथाकार जी. ए. कुलकर्णींसारखा माणूस त्यांच्याशी पत्रांतून बोलत होता. अंक जाळणाऱ्यांचा राग खरा होता आणि ही मेहनतही खरी होती.

मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात नऊ वर्षं काम केलं, म्हणून टेबलाच्या पलीकडचं थोडं सांगते. मेपासून साहित्य यायला लागतं. जुलै अखेर मुदत, पण ऑगस्टच्या पंधरा तारखेपर्यंत 'ताई, फक्त वाचून बघा' चालूच. निम्मा मजकूर वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्याच अक्षरावर आणि वेलांट्या गायब. वाचणारे आम्ही चौघं, सगळ्यांच्या दिवसाच्या नोकऱ्या वेगळ्या. रात्री जेवणं झाली की गठ्ठे उघडायचे.

आणि निवड म्हणजे फक्त चांगलं-वाईट नसतं हो. अंक फर्म्यांत बसवावा लागतो, एक फर्मा सोळा पानांचा. शेवटच्या आठवड्यात एखादी जाहिरात आली की दोन पानं जातात. एकदा निवडलेली, मुद्रितशोधन झालेली कथा आम्हाला अशीच काढावी लागली, कारण ती दोन पानं कापता येण्यासारखी एकच जागा उरली होती. त्या लेखकाला फोन मी केला होता. तो म्हणाला, "पण चांगली होती ना?" मी म्हटलं, "फार चांगली होती." फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

उत्तर न देणं मात्र वाईट. आमच्याकडूनही झालंय. त्याची माझ्याकडे सबब नाही. माणूस अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव शोधत बसतो, हे चित्र आम्ही रोज डोळ्यांसमोर ठेवलं असतं तर एक ओळ लिहायला वेळ नक्की मिळाला असता.

माणगंगा | २४ जून, रात्री १०:५८

अनुस्वार ताई, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. कुणीतरी हे म्हणायला हवं होतं.

टपालहंशील काका, त्या दोन चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं ते सांगाल का?

टपालहंशील | २५ जून, सकाळी ६:५०

एकीवर "नायिकेला भूक लागत नाही का?" एवढंच. माझ्या कथेत बाई तीन दिवस प्रवास करते आणि कुठं काही खातच नाही. दुसरीवर "उपमा कमी करा, तुम्हाला दिसतं ते पुरेसं आहे." तेव्हा राग आला होता. आता कुठलीही कथा लिहिली की आधी बघतो, माणसं जेवली का.

डेट्रॉइटकर | २५ जून, सकाळी ९:१५

मी इथं मिशिगनमध्ये इंग्रजीत कथा पाठवते आणि मराठीतही लिहिते. इकडे बरीच साहित्यिक मासिकं सबमिटेबल नावाच्या एका पोर्टलवरून कथा घेतात. त्यात आपल्या कथेसमोर 'इन प्रोग्रेस' असं दिसत राहतं. कधी चार महिने, कधी नऊ. मग एके दिवशी 'डिक्लाइन्ड'. मेल सगळ्यांना एकच, नाव तेवढं बदललेलं. त्यातच कधी एखादी ओळ जास्तीची येते, 'आणखी काही असेल तर जरूर पाठवा.' इथले लेखक त्या ओळीला जपतात, एकमेकांना फोन करून सांगतात.

एक सोय मात्र आहे. बहुतेक मासिकं एकच कथा एकाच वेळी अनेकांकडे पाठवू देतात, फक्त कुठं स्वीकारली गेली तर बाकीच्यांना लगेच कळवायचं. आपल्याकडे दिवाळी अंकांना तसं चालत नाही, एकाकडे असताना दुसऱ्याकडे पाठवली तर माणूस कायमचा नाराज. अंक वर्षातून एकदाच, म्हणजे नकार उशिरा आला तर वर्ष गेलं. माणगंगा, तुमचे दोन वर्षांतले चार नकार म्हणजे फार मोठी वाट पाहणं आहे. चार दिवस लिहिलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

मी काय करते: एक्सेलमध्ये तक्ता ठेवलाय, आणि कथा परत आली की त्याच रात्री झोपायच्या आत पुढच्या पत्त्यावर पाठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठंतरी वाचली जात असते, माझ्याकडे पडून नसते.

गझलवेडा | २५ जून, दुपारी १:३३

त्याच रात्री पाठवायची? मग शिकायचं कधी? मला हे पटत नाही. मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर पहिली गझल टाकली तेव्हा एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "चौथ्या शेरात मात्रा पडलीय, सहाव्यात काफिया (यमक) चुकलाय, बाकी भावना बऱ्या." कान तापले होते माझे. समूह सोडला. आठ दिवसांनी वहीत एकेक ओळ लगावलीत, म्हणजे लघु-गुरूच्या क्रमात, मोडून बघितली, गा ल गा गा, गा ल गा गा. चौथ्या शेरात खरंच एक मात्रा कमी होती. परत समूहात गेलो, त्यांचे आभार मानले. आज तेच मला फोनवर शिकवतात.

आमच्या गझलेत ही परंपराच आहे. सुरेश भट नवीन लिहिणाऱ्यांना पत्रांतून चुका दाखवायचे, 'गझलेची बाराखडी' त्यांनी त्यासाठीच लिहिली. मात्रा पडली तर पडली, त्यात अपमान कसला.

निशिगंध | २५ जून, दुपारी २:०१

मात्रा मोजता येतात हो दादा. कथेत कसं मोजणार? आणि सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? खासगी निरोप टाकता आला असता.

गझलवेडा | २५ जून, दुपारी २:२०

हे मात्र खरं. मी आता कुणाला सांगायचं असेल तर खासगीतच सांगतो. तेवढं त्या आठ दिवसांत शिकलो.

इंद्रायणीकाठ | २५ जून, संध्याकाळी ६:४५

निंदकाचे घर असावे शेजारी, असं तुकोबा म्हणून गेले असं सांगतात. ज्या माणसाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्यानं हे म्हणावं, याचा मी फार विचार करतो.

रामदुर्गी | २५ जून, संध्याकाळी ७:१०

हे वाक्य टीका करणारेच जास्त वापरतात, हीच अडचण आहे. शेजाऱ्यानं आधी स्वतःला निंदक म्हणवून घ्यायचं आणि मग वर तुकोबांचा दाखला द्यायचा.

इंद्रायणीकाठ | २५ जून, रात्री ९:३०

रामदुर्गी, तुमचं म्हणणं मान्य करून एक गोष्ट सांगतो. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, ज्यांच्या विरोधामुळं वह्या बुडाल्या असं परंपरा सांगते, तेच पुढं तुकोबांचे शिष्य झाले. 'आरती तुकारामा, स्वामी सद्गुरुधामा' आपण म्हणतो ना, ती त्यांचीच. शेवटी 'रामेश्वरे चरणी मस्तक ठेविले' येतं बघा. माझ्या लहानपणी देहूत आजोबांबरोबर ही आरती म्हणताना मला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हापासून त्या ओळीला आवाज बसतो माझा.

तेरा दिवस तुकोबा नदीकाठी बसून राहिले असं सांगतात. माणगंगा ताईंचे तर चारच झालेत.

तिसरीघंटा | २५ जून, रात्री ११:०५

नाटकवाल्यांचंही ऐका. २०२२ साली पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला गेला नाही. १९६३ पासूनची पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, आणि परीक्षकांनी सांगितलं की करंडकाच्या तोडीची एकांकिका नाही. केवढा वाद झाला. आम्ही मित्र पहाटेपर्यंत चहाच्या टपरीवर भांडत होतो. निम्मे म्हणत होते की पोरांची उमेद मारली, निम्मे म्हणत होते की करंडकाची किंमत राखली. मी दुसऱ्या बाजूला होतो, अजून आहे. पण एक मला तेव्हाही वाटत होतं: नाही म्हटलं तर का नाही, हे त्या पोरांना नीट बसून सांगायला हवं, संहितेचं पान उघडून.

माझ्या स्वतःच्या पहिल्या एकांकिकेला एका कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षकांनी नुसतं 'लेखन कमकुवत' म्हटलं. या दोन शब्दांचं मी करू काय? वर्षभर संहिता उघडलीच नाही. तुमच्या बाराव्या पानावरची रेघ मला कुणी दिली असती तर!

कृष्णाकाठ | २६ जून, सकाळी ७:२०

'लेखन कमकुवत' आणि 'कथा इथं संपली आहे'. बस्स, हाच फरक आहे. एक डॉक्टर म्हणतो 'तब्येत बरी नाही', दुसरा बोट ठेवून म्हणतो 'इथं दुखतंय का?'

सदाफुली | २६ जून, सकाळी ११:४८

विषय थोडा वळवते, माफ करा. मला संपादकांपेक्षा घरच्यांची भीती वाटते. माझी एक कथा छापून आली. त्यात एक काकू आहे, सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून खाते. माझ्या तिन्ही काकूंना वाटलं ती आपणच. गणपतीत कुणी बोललं नाही माझ्याशी. मोदक वळताना सगळ्या गप्प. तेव्हापासून लिहिते, पण पाठवत नाही.

निशिगंध | २६ जून, दुपारी १२:१५

सदाफुली, मिठी. तिन्ही काकूंना ती आपणच वाटली म्हणजे तिघी उभ्यानंच जेवत असणार गं.

सदाफुली | २६ जून, दुपारी १२:३१

हे असं मी कधी बघितलंच नव्हतं. या गणपतीत मोठ्या काकूला ताट वाढून खाली बसवते. मग बोलते तिच्याशी.

जळगावकेळी | २६ जून, दुपारी ४:०९

पैसे भरून पुस्तक काढायच्या फंदात पडू नका कुणी, एवढंच सांगायला आलो. चार ठिकाणी नकार मिळाल्यावर माणूस हळवा झालेला असतो, तेव्हाच फोन येतात, 'सर, आम्ही काढू तुमचं पुस्तक, पॅकेज आहे.' माझे गेले. तीनशे प्रती पलंगाखाली आहेत. पत्नीनं एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट तिच्या भिशीतल्या बायकांना एकेक दिली.

ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचलं जातं. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालसाहित्य, सगळ्याला वाव आहे. जाहिरात आली की लक्ष ठेवा. नकार तिथंही येऊ शकतो, पण कुणी खिशात हात घालत नाही.

खिलारी | २६ जून, रात्री ८:५०

नमस्कार. मी लेखक नाही. बहिणीनं हे वाचायला दिलं, खरसुंडी दिसली म्हणून बोलतोय. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या खिलार हाय, सांगोल्याच्या बाजूला. ताई, तुमच्या कथेत म्हातारा जोडी विकतो तेव्हा दाव्याचं, म्हंजी बैल बांधायच्या दोराचं, काय होतं?

माणगंगा | २६ जून, रात्री ९:४०

खिलारी दादा, कथेत व्यापारी जोडी दाव्यासकट घेऊन जातो. म्हातारा मोकळ्या हातानं परत येतो. म्हणूनच तो रिकाम्या खुंट्यापाशी उभा राहतो. का हो?

खिलारी | २६ जून, रात्री १०:०५

तेच इचारायचं होतं. राग मानू नका. आमच्याकडं दावं कुणी देत न्हाई. सौदा उपरण्याखाली बोटं धरून हुतो, पैसं मोजलं जात्यात, घेणारा आपला कासरा घालतो, आन् आपलं दावं आपण सोडून घेतो. दावं गेलं तर दावणीची लक्ष्मी गेली म्हणत्यात. आमचं आजोबा जोडी विकून आलं की खांद्यावर दावं असायचं आन् तोंडातनं शब्द न्हाई.

दुसरं, तुम्ही वर काही लिहिलं न्हाई, पण कथेत बैल किती दाती हाय? जुळलेला, म्हंजी सगळं दात आलेला, हाय का? तसा असंल तर किमतीत फरक पडतो, ते बघा.

अनुस्वार | २६ जून, रात्री १०:२२

खिलारी, असे वाचक आम्हाला नऊ वर्षांत एकदाही टेबलाशी मिळाले नाहीत.

रामदुर्गी | २६ जून, रात्री १०:४०

मी पेन्सिलीवर रागावलो होतो. या पोस्टवर रागवायला जागाच नाही.

माणगंगा | २७ जून, रात्री १२:५५

झोप येत नाही म्हणून लिहिते.

खिलारी दादांची पोस्ट वाचून आधी वाटलं, आता हेही चुकलं. मग आटपाडीला चुलत्यांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजलेले, ते घाबरले, काय झालं म्हणून. मी विचारलं, "तात्या, आमच्या अप्पांनी जोडी विकली तेव्हा दावं व्यापाऱ्याला दिलं होतं का हो?" ते म्हणाले, "खुळी का काय तू? आणलं की घरी. माळ्यावर असंल अजून, पत्र्याच्या पेटीमागं."

मी नऊ वर्षांची, अंथरुणात. मला ऐकू आलं होतं तेवढंच मी लिहिलं. अप्पा गोठ्यातून घरात यायच्या आधी काय करत होते हे मला दिसलंच नव्हतं. पस्तीस वर्षं मी त्यांचं बोलणं जपून ठेवलं आणि ते दावं माळ्यावर पडून होतं.

निशिगंध, तुम्ही म्हणालात वडिलांचे शब्द काढू नका, तेव्हा मला फार धीर आला होता. पण आज ती दोन पानं परत वाचली. अप्पा ते सगळं आईला सांगत होते, हिशेब द्यावा तसं. खरं बोलणं गोठ्यात झालं होतं, एकट्याशी. ती दोन पानं मी वेगळ्या वहीत उतरवून घेतली आहेत, ती माझ्यापाशी राहतील. कथेतून काढली.

आता शेवट असा आहे:

"म्हातारा गोठ्यात गेला. कंदील खाली ठेवला. खांद्यावरचं रिकामं दावं काढलं आणि रोजच्यासारखं खुंट्याला बांधलं. मग वैरणीची पेंढी सोडायला वळला."

निशिगंध | २७ जून, सकाळी ६:३०

माझं मत बदललं. वैरणीची पेंढी! काही बोलवत नाही.

टपालहंशील | २७ जून, सकाळी ७:००

पोरी, आज माझ्या चाळीतली पोरं असती तर चारही मजले ओरडत फिरली असती.

खिलारी | २७ जून, सकाळी ७:४५

बराबर हाय. आमच्या आज्जीनं दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीत पाणी भरून ठेवलं हुतं, सवयीनं.

डेट्रॉइटकर | २७ जून, सकाळी ८:१०

गझलवेडा, तुम्ही बरोबर होतात. मी त्याच रात्री पाठवून दिली असती तर हे झालं नसतं. तक्त्यात आता एक रकाना वाढवते, 'कुणाला फोन करून विचारलं?'

अनुस्वार | २७ जून, सकाळी ९:५०

माणगंगा, एकच सुचवते, पटलं तर घ्या. 'रिकामं दावं' मधलं 'रिकामं' काढा. बैल विकलेत हे वाचकाला ठाऊक आहे. आणि सुरुवातीला बाजाराच्या प्रसंगात तो दावं सोडून खांद्यावर टाकतो ते एका वाक्यात आणा, जास्त नको.

त्यांनाच पाठवा परत. 'पुन्हा पाठवा असं म्हणत नाही' असं लिहिणारा माणूस वाट बघत असतो, माझ्यावर विश्वास ठेवा. पत्र दोन ओळींचं लिहा, पानांवर आकडे घाला. जुलैची मुदत धरून चला, पावसात टपालाला चार दिवस जास्त लागतात.

माणगंगा | २७ जून, दुपारी १:२०

'रिकामं' काढलं. डब्याच्या सुट्टीत प्रिंट काढून आणल्या, आता साडेबारा पानं झाली. संध्याकाळी पोस्ट बंद व्हायच्या आत जाते. तिकीट लावलेलं पाकीट या वेळीही सोबत ठेवलं आहे.